अपडेट आले आणि विमान गेले

बुलढाणा जिल्ह्यात ‘जीटीए सॅन अँड्रियास’ खेळत वाढलेल्या पिढीला एक गोष्ट फार उशिरा कळली. या खेळात गाडीत बसले की रेडिओ लागतो. त्यावर गाणी असतात, बडबडे निवेदक असतात, खोट्या कंपन्यांच्या खोट्या जाहिराती असतात. खामगाव, चिखली, मलकापूर, मेहकर इथल्या सायबर कॅफेंत जो सॅन अँड्रियास चालायचा, तो मात्र बहुतेक ठिकाणी ठार मुका होता. नायक सीजे ओठ हलवायचा, समोरचा हातवारे करायचा, मग एकमेकांवर गोळ्या झाडल्या जायच्या आणि पडद्यावर ‘मिशन पास्ड’ उमटायचे. भांडण नेमके कशावरून पेटले, हे शेवटपर्यंत गुलदस्त्यात. ही उणीव मागच्या बाकावर नंबर लावून बसलेली पोरे भरून काढायची. “काऊन बे, कुठी चालला?” असे सीजे खेळातल्या लॉस सँटोस शहराच्या भर चौकात एखाद्या धिप्पाड गुंडाला विचारायचा, आणि “तुले काय करा लागते बाप्पा?” असे उत्तर मिळाल्यावर गोळीबार सुरू व्हायचा. मूळ संवादांपेक्षा हे जास्त पटणारे होते.

मुकेपणाचे कारण साधे होते. २००५ साली हा खेळ संगणकावर आला तो डीव्हीडीवर. कॅफेवाल्याकडे होता सीडी राइटर, आणि सीडीत मावतात ७०० एमबी. तेव्हा जगाच्या पाठीवरच्या कुणा पुण्यवंताने खेळातली गाणी आणि संवाद उपटून काढले आणि उरलेला ऐवज दाबून दाबून एका सीडीत कोंबला. याला ‘रिप व्हर्जन’ म्हणत. कायद्याने ही चोरीच, त्याबद्दल दुमत नको. पण लोडशेडिंगमध्ये अर्धा दिवस जायचा आणि उरलेल्या अर्ध्यात फोनची लाइन मिळेल तेव्हा मिळायची, अशा गावात परदेशी खेळ पोचायची दुसरी वाटही नव्हती.

आता २०१४ च्या नोव्हेंबरात या. खेळाला दहा वर्षे झालेली. स्टीम नावाच्या ऑनलाइन दुकानातून ज्यांनी रीतसर पैसे मोजून तो घेतला होता, त्यांच्या संगणकावर एके दिवशी आपोआप अपडेट उतरले. खेळ सुरू केला तर रेडिओवरची दीडएक डझन गाणी गायब. जुने सेव्ह उघडेनात. रुंद पडद्याचे काही पर्याय बिघडले. आणि वर्षानुवर्षे जमवलेले मॉड एकामागोमाग एक कोसळले. असे का केले, हे खेळात कुठे लिहिलेले नव्हते. लोकांनीच बोटे मोजून कारण काढले: २००४ मध्ये गाण्यांचे परवाने घेतले असणार, ते दहा वर्षांचे असणार, मुदत संपली असणार. चार वर्षांनी, २०१८ मध्ये, ‘जीटीए फोर’च्या रेडिओवरूनही अशीच गाणी उठली, तेव्हा हा हिशेब बरोबर असल्याचे दिसले.

ज्यांनी पैसे दिले त्यांची गाणी गेली. खामगावच्या रेडिओला काडीचाही फरक पडला नाही, कारण त्यावर गाणी नव्हतीच. न्याय कुठे आहे, असे ज्यांना विचारायचे असेल त्यांनी पुढे वाचत राहावे. तो या लेखात कुठेच सापडणार नाही.

गाण्यांचे दुःख तरी कानांपुरते. मॉडचे दुःख मोठे. मॉड म्हणजे खेळणाऱ्यांनीच खेळात केलेली घरची दुरुस्ती. कंपनीने लॉस सँटोसच्या रस्त्यावर अमेरिकी बनावटीच्या गाड्या ठेवल्या. आपल्याकडच्या पोरांनी त्या काढून तिथे स्प्लेंडर, मारुती ८००, टाटा सुमो आणि ऑटोरिक्षा आणून सोडल्या. हे काम काही जादूचे नव्हते. ‘जीटीए थ्री डॉट आयएमजी’ नावाची एक मोठी फाइल असते, तिच्या पोटात प्रत्येक गाडीचा सांगाडा एका फाइलीत आणि रंगरूप दुसऱ्या फाइलीत. जुन्या दोन काढायच्या, त्याच नावाच्या नव्या दोन टाकायच्या. बसस्टँडजवळच्या ज्या मोबाइल दुकानावर ‘गाणी भरून मिळतील’ अशी पाटी असायची, तिथे ओळखीने हेही भरून मिळायचे. मग पांढऱ्या सुमोत बसून ‘हेसोयाम’ टाइप करायचे. हा चीट कोड दिला की अंगात जीव, वर चिलखत आणि खिशात अडीच लाख डॉलर. बोर्डाच्या परीक्षेतली सूत्रे विसरलेली माणसेसुद्धा आज चाळिशीच्या उंबरठ्यावर ही सात अक्षरे झोपेत टाइप करून दाखवतील.

गाडी बदलणे सोपे, कारण त्यात खेळाच्या मेंदूला हात लागत नाही. पण नवी मिशने, नवे नियम, नवी शस्त्रे आणायची तर मुख्य प्रोग्रॅममध्ये शिरावे लागते. मॉड लिहिणाऱ्याला खेळाचा मूळ मजकूर कुणी दिलेला नसतो. तो अंधारात चाचपडत शोधतो की पैशांचा आकडा मेमरीत अमुक पत्त्यावर असतो, पोलिसांचे तारे तमुक पत्त्यावर. हे पत्ते त्याच्या मॉडमध्ये पक्के लिहिलेले असतात. कंपनीने प्रोग्रॅममध्ये दोन ओळी इकडच्या तिकडे केल्या की पुढचे सगळे पत्ते सरकतात. मॉड मात्र जुन्याच पत्त्यावर जाऊन दार वाजवतो, आत भलताच कुणी राहत असतो, आणि खेळ बंद पडतो. सॅन अँड्रियासच्या मॉडवाल्यांत म्हणून एक आकडा मंत्रासारखा चालतो: १,४३,८३,६१६. मॉडला चालणाऱ्या १.० आवृत्तीच्या ‘जीटीए एसए डॉट ईएक्सई’ फाइलीचे हे वजन, बाइटमध्ये. एवढे भरले तर पुढे बोलायचे, नाहीतर आधी खेळ ‘डाउनग्रेड’ करून या, असे तोंडावर सांगतात.

१.० चाच आग्रह का, याची कथा २००५ ची आहे. कंपनीने एक प्रौढांसाठीचा प्रसंग खेळातून वगळला होता, म्हणजे काढला नव्हता, नुसता कुलूपबंद केला होता. नेदरलँड्सच्या पॅट्रिक विल्डेनबोर्गने ‘हॉट कॉफी’ नावाचा मॉड काढून ते कुलूप उघडले. अमेरिकेत गदारोळ झाला, खेळावर ‘फक्त प्रौढांसाठी’चा शिक्का बसला, दुकानांनी माल परत पाठवला. कंपनीने मग नव्या आवृत्त्या काढून कुलूप पक्के केले आणि त्या झटापटीत बाकीच्या निरपराध मॉडांचेही दार बंद झाले. तेव्हापासून जगभरातले मॉडवाले एका विचित्र व्यवसायात आहेत. सगळे जग अपग्रेड करते, हे डाउनग्रेड करतात. त्यासाठी तयार साधने आहेत, शिकवण्या आहेत, गुरू आहेत. आपल्याकडच्या चोरीच्या सीडींवर मात्र बहुधा आयती १.० च असायची. चोराने चुकून का होईना, अस्सल माल उचलला होता.

न सांगता आलेल्या अपडेटच्या वेळी बुलढाणेकराला भेंडवळ आठवल्याशिवाय राहत नाही. जळगाव जामोद तालुक्यातल्या या गावात अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. गोलाकार अठरा धान्ये, मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यावर घागर, सोबत पापड, कुरडई, सांडोई, भजी, वडा आणि पानाचा विडा. रात्री तिथे कुणी थांबायचे नाही. पहाटे वाघ घराण्यातले जाणकार येतात, कोणता दाणा कुठे सरकला, कोणते ढेकूळ भिजले ते निरखतात आणि पाऊस, पीक, राजाची गादी या सगळ्यांचे वर्षाचे भाकीत सांगतात. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांचा या भाकितांवर आक्षेप आहे. तो वाद इथे उकरायला नको. सांगायचे एवढेच की स्टीमवर रात्रीतून अपडेट उतरले की जगभरातले मॉडवाले सकाळी नेमके हेच करतात. स्टीमडीबी नावाची एक सार्वजनिक नोंदवही आहे, तीत कोणत्या खेळाच्या कोणत्या फाइलीला केव्हा हात लागला ते दिसते. ही फाइल चार केबीने फुगली, ती गायब झाली, एक नवीच उगवली. मग तर्क. परवाना संपला असेल. चोरी रोखायचे नवे कुलूप बसवले असेल. मोबाइलवर आणायचा विचार असेल. राजाची गादी डळमळीत दिसते, कंपनी विकायला काढली असेल. फरक इतकाच की भेंडवळला पहाटे कुणीतरी पुढे येऊन, चारचौघांत, आपल्या नावानिशी अर्थ सांगतो. चुकला तर लोक वर्षभर त्याला ऐकवतात. इकडे ढेकळे सरकवणारा समोर येतच नाही. आलाच तर ‘किरकोळ सुधारणा’ एवढे दोन शब्द टाकून जातो.

किरकोळ सुधारणा हा काय प्रकार असतो, हे ‘स्कायरिम’वाल्यांना विचारावे. हा खेळ ११ नोव्हेंबर २०११ ला आला आणि त्याच्या मॉडांचा पसारा मूळ खेळाच्या कितीतरी पट वाढला. त्यातले निम्मे बडे मॉड ज्या पायावर उभे आहेत, ते ‘एसकेएसई’ नावाचे साधन चार-दोन हौशी लोक फुकट सांभाळतात. २०१७ मध्ये कंपनीने खेळातच एक छोटे दुकान थाटले: पाठीवरची पिशवी घ्या, तलवार घ्या, चिलखत घ्या, पैसे द्या. दुकानात नवा माल लागला की मुख्य प्रोग्रॅमचा आवृत्ती क्रमांक बदलायचा. क्रमांक बदलला की एसकेएसई बंद. एसकेएसई बंद की दीडशे मॉड बंद. पलीकडच्याने एक आभासी पिशवी विकायला ठेवली म्हणून अलीकडच्याचा सगळा खेळ ठप्प! मग हौशी लोक रात्र जागून नवे पत्ते शोधणार, बाकीचे त्यांना “झालं का? झालं का?” विचारणार. २०२१ च्या नोव्हेंबरात खेळाच्या दशकपूर्तीला आणि पुन्हा २०२३ च्या डिसेंबरात मोठी अपडेटे आली, तेव्हाही हाच प्रयोग मोठ्या रंगमंचावर झाला. कंपनीला दहा-बारा वर्षांचा जुना खेळ आठवतो याचा आनंद मानावा, की नेमका आपल्याला झोप लागल्यावर आठवतो याचे वाईट वाटून घ्यावे, हे ठरवणे अवघड.

सगळ्यात दारुण किस्सा ‘फॉलआउट लंडन’चा. ब्रिटनमधल्या हौशी मंडळींनी ‘फॉलआउट फोर’ या २०१५ च्या खेळात अख्खे लंडन बांधले. अनेक वर्षांचे काम, पगार शून्य. प्रकाशनाची तारीख ठरली २३ एप्रिल २०२४. त्याच महिन्यात मूळ खेळावरची मालिका टीव्हीवर आली, गाजली, आणि कंपनीला नवव्या वर्षी खेळाची आठवण झाली. अपडेटची तारीख जाहीर झाली २५ एप्रिल. म्हणजे २३ ला लंडन उघडायचे आणि २५ ला ते पडायचे. मंडळींनी मुकाट्याने प्रकाशन पुढे ढकलले. शेवटी २५ जुलैला मॉड आला, आणि तो खेळायचा तर स्टीमवाल्यांनी आधी आपला ताजा अपडेट केलेला खेळ मागच्या आवृत्तीवर न्यायचा, अशी अट. एवढ्या थाटामाटाने आलेल्या अपडेटची लोकांनी पहिल्यांदा आठवण काढली ती त्याला काढून टाकण्यासाठी.

हे खरे, की अपडेट करणारा दर वेळी खेळाचा मालकच असतो असे नाही. कधी जमीनच हलते. सप्टेंबर २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधला एक जुना ड्रायव्हर सुरक्षेच्या कारणाने बंद केला. त्याच वर्षी आलेल्या विंडोज १० मध्ये तर तो दिलाच नव्हता. सेफडिस्क नावाची नक्कलविरोधी यंत्रणा त्याच ड्रायव्हरवर चालायची, आणि २००० च्या आसपासच्या ढीगभर खेळांच्या अस्सल सीडींना सेफडिस्कचे कुलूप होते. परिणाम असा झाला की दुकानातून बिल घेऊन आणलेली सीडी चालेना, आणि कुलूप तोडलेली चोरीची प्रत झकास चालू राहिली. वर न्यायाबद्दल जे म्हटले आहे ते इथे पुन्हा आठवावे. निदान मायक्रोसॉफ्टने कारण तरी सांगितले होते.

विंडोजनेच केलेला दुसरा प्रताप मात्र इतका रसाळ आहे की त्यापुढे बाकीचे किस्से फिके पडतात.

ऑक्टोबर २०२४ मध्ये विंडोज ११ चे ‘२४ एच २’ हे अपडेट आले. ते घेतलेल्यांपैकी काहींच्या लक्षात आले की सॅन अँड्रियासमधले स्किमर हे पाण्यावर उतरणारे छोटे विमान नाहीसे झाले आहे. धक्क्यावर जिथे ते तरंगत असायचे तिथे नुसते पाणी. कुणी मॉडच्या साहाय्याने ते जबरदस्तीने बोलावले, तर विमान आणि त्यात बसलेला सीजे क्षणात आभाळात फेकले गेले. किती वर? एकावर एकतीस शून्ये, इतके मीटर. विश्वाची आपल्याला दिसणारी हद्दही त्याच्या पुष्कळ अलीकडे संपते. विंडोजच्या अपडेटने वीस वर्षांपूर्वीच्या खेळातले एकच विमान का पळवावे?

सायलेंट या टोपणनावाने काम करणाऱ्या मॉडकाराने २०२५ च्या एप्रिलमध्ये याचा छडा लावला. गोष्ट ‘व्हाइस सिटी’ या आधीच्या जीटीएपासून सुरू होते. त्या खेळाच्या दप्तरी स्किमरची नोंद बोट अशी होती. बोटीला चाके नसतात, म्हणून तिच्या ओळीत चाकांची मापे लिहायची गरज नव्हती. सॅन अँड्रियासमध्ये स्किमरची बदली विमान खात्यात झाली. विमानाच्या ओळीत चाकांची मापे हवीतच, पण कुणीतरी जुनी ओळ जशीच्या तशी उचलून नव्या फाइलीत डकवली आणि घरी गेला. आता खेळ सुरू होताना ही फाइल वाचतो, स्किमरच्या ओळीवर येतो, चाकांचे माप शोधतो, मिळत नाही. अशा वेळी त्याने ओरडायला हवे. तो ओरडत नाही. मेमरीत त्या जागी आधीचे जे काही पडलेले असेल तेच माप धरून पुढे जातो. स्किमरच्या आधीची ओळ होती टॉपफन नावाच्या एका व्हॅनची. तिच्या चाकांचे माप ०.७. ते तिथेच पडून राहायचे आणि स्किमरला मिळायचे. थोडक्यात, वीस वर्षे एक बिनचाकांचे विमान शेजारच्या व्हॅनच्या चाकांवर सुखाने उडत होते आणि कुणाला पत्ता नव्हता. २४ एच २ मध्ये विंडोजने आपल्या एका अंतर्गत कामासाठी मेमरीचा तोच तुकडा थोडा जास्त वापरायला सुरुवात केली, तसा त्याला अधिकारच होता. ०.७ पुसले गेले, तिथे भलताच आकडा आला, आणि विमान विश्वाबाहेर.

चूक ना मायक्रोसॉफ्टची, ना मॉडवाल्यांची. चूक २००४ ची, उघडकीस आली २०२४ ला, आणि ती दुरुस्त केली कुणी? सायलेंटने, आपल्या ‘सायलेंटपॅच’ या फुकट मॉडमधून. या सगळ्या उद्योगात खरे काम करणारा माणूस कोण, हे यावरून कळावे.

मालकांनीही डागडुजी केली नाही असे नाही, फक्त ती केली नसती तर बरे झाले असते. ११ नोव्हेंबर २०२१ ला जीटीए बनवणाऱ्या रॉकस्टारने तिन्ही जुन्या जीटीएंची नटवलेली ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ काढली. त्याआधी ऑक्टोबरमध्ये मूळ खेळ ऑनलाइन दुकानांतून काढून घेतले होते आणि फेब्रुवारीत हौशी लोकांनी मेहनतीने उलगडून नव्याने लिहिलेल्या ‘आरई थ्री’ प्रकल्पावर रॉकस्टारची पालक कंपनी टेक-टूने कायद्याची नोटीस बजावली होती. मैदान असे मोकळे करून नवे खेळ आले, तर पाऊस पांढऱ्या दोऱ्यांसारखा दिसत होता आणि पात्रांचे चेहरे फुग्यासारखे. यंत्राने चित्रे गुळगुळीत करताना एका डोनटच्या दुकानावरचा षटकोनी नट घासून घासून गोल केला. त्या दुकानाचे नावच ‘टफ नट डोनट्स’. सगळा विनोद त्या सहा कोनांत होता. लोकांनी इतका आरडाओरडा केला की कंपनीने माफी मागून जुने खेळ पुन्हा विकायला ठेवले. तीन वर्षांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, कुणाच्या ध्यानीमनी नसताना मोठे अपडेट आले, प्रकाश-रंग सुधारले, आणि सुरुवातीच्या पडद्यावरून ज्या कंपनीने हे काम केले होते तिचे नावच पुसलेले होते. पुन्हा घट, पुन्हा ढेकळे.

या सगळ्या रणधुमाळीत एक खेळ शांतपणे चालू आहे. त्याला कुणी अपडेट केले नाही, कुणी नटवले नाही, कुणी परवान्याची आठवण काढली नाही. ‘ईए स्पोर्ट्स क्रिकेट ०७’. नोव्हेंबर २००६ मध्ये आला, आणि त्यानंतर कंपनीने क्रिकेटची मालिकाच बंद केली. परवाने होते मुख्यतः इंग्लंड-ऑस्ट्रेलियाचे, त्यामुळे आपल्या खेळाडूंची नावे अशी पिळलेली की सिलेक्टरनेही हात जोडावेत. पण रोस्टरची फाइल बदलता येत होती, कपडे, बॅटी, मैदाने, स्कोअरबोर्ड सगळे बदलता येत होते. एवढे पुरे झाले.

आयपीएल सुरू झाली १८ एप्रिल २००८ ला, म्हणजे खेळ आल्यावर दीड वर्षाने. क्रिकेट ०७ च्या कर्त्यांनी टी-ट्वेंटीतली फ्रँचायझी हा शब्दही ऐकला नसेल. तरी आज या खेळात आयपीएल आहे. दर वर्षी लिलाव झाला की भारत-पाकिस्तानातली हौशी मंडळी कामाला लागतात, कोण कुठल्या संघात गेला, जर्सीवर यंदा कुणाची जाहिरात, बॅटीवर कुठले स्टिकर, सगळे पॅचमध्ये उतरते, आणि मार्चअखेर चिखली-मेहकरच्या पोरांच्या लॅपटॉपवर पोचते. वैभव सूर्यवंशीचा जन्म २०११ चा. तो जन्मला तेव्हा हा खेळ चार वर्षांचा घोडा होता आणि कंपनीने त्याला कधीच सोडून दिले होते. त्याचे नाव रोस्टरमध्ये टाकायला मात्र कुणाच्या परवानगीची गरज लागत नाही. समालोचनाला अजूनही मार्क निकोलस आणि रिची बेनॉ. बेनॉ २०१५ साली गेले. इथे ते अजून वानखेडेवरच्या चौकाराला त्याच संथ, सभ्य आवाजात दाद देतात, आणि समोर कोणते दोन संघ खेळताहेत याबद्दल त्यांना काहीही माहिती नसते.

प्रस्तुत लेखकाचे मत विचाराल तर जुन्या खेळाला लाभणारे सर्वांत मोठे भाग्य म्हणजे मालकाचे दुर्लक्ष. पण हे मत थोडे उद्धट आहे, कारण लक्ष देऊनही नीट वागता येते. प्रागच्या एससीएस सॉफ्टवेअरचा ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ घ्या. २०१२ चा खेळ, वर्षाला दोन-तीन मोठी अपडेटे येतात, आणि त्यातही मॉड मोडतात. युरोपच्या महामार्गावर लालपरी पळवणारी आपली मंडळी त्यात आहेत. राजूर घाटाच्या वळणांवर ज्याने एसटीत उलटी रोखून धरली आहे, त्याला जर्मनीचा सरळसोट रस्ता म्हणजे सुखाची झोपच. पण तिथे अपडेट येणार हे आधी सांगतात, काय बदलले ते लिहितात, आणि मुख्य म्हणजे जुन्या आवृत्त्या स्टीमच्या ‘बेटाज’ या खान्यात ठेवून देतात. ज्याची लालपरी नव्या आवृत्तीत स्टार्ट होत नाही, तो जुनीवर परत जातो. वाल्व कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘हाफ लाइफ’ला पंचविसाव्या वाढदिवसाचे अपडेट दिले तेव्हा जुना खेळही वेगळा राखून ठेवला. वाल्वला हे सुचणारच, ‘काउंटर स्ट्राइक’ मुळात हाफ लाइफचा मॉडच होता. आणि क्रिकेटला वाऱ्यावर सोडणाऱ्या ईएने २०२५ च्या फेब्रुवारीत ‘जनरल्स’ आणि ‘झीरो अवर’ या आपल्या जुन्या खेळांचा मूळ मजकूर जगासाठी खुला केला. घ्या, तुम्हीच सांभाळा. मॉडवाल्यांना आता अंधारात पत्ते शोधायची गरज नाही.

म्हणजे जमते. चार ओळींचा खुलासा आणि मागच्या आवृत्तीचे एक दार, एवढाच मामला आहे. गाण्यांचे परवाने संपतात, हेही कुणी नाकारत नाही. ‘अमुक गाणी काढावी लागत आहेत, जुने सेव्ह चालणार नाहीत, प्रत करून ठेवा’ असे आठवडाभर आधी सांगितले असते तर लोक चरफडले असते, पण प्रत करून ठेवली असती. विकत घेतलेल्या वस्तूतून काही उचलून नेताना निदान दारावर टकटक तरी करावी, ही अपेक्षा बुलढाण्यातच काय, लॉस सँटोसमध्येही फार नाही.

ती पुरी होईपर्यंत वाचकांनी आपले आपण पाहावे. स्टीमवर जुना खेळ घेतला असेल आणि त्यात मॉड बसवले असतील, तर खेळाच्या नावावर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये जा, ‘अपडेट्स’ उघडा आणि खेळ सुरू करतानाच अपडेट घेण्याचा पर्याय निवडा. खेळ धड चालतो आहे तोवरच त्याचे अख्खे फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करा, सेव्ह फाइली सोबत घ्या. विंडोज ११ वर स्किमर उडवायचे असेल तर सायलेंटपॅच टाका. आणि कॉपी केलेल्या फोल्डरच्या नावात खेळाचा आवृत्ती क्रमांक आणि तारीख लिहा; ‘न्यू फोल्डर ३’ या नावाने ठेवलेली वस्तू आजवर कुणालाही वेळेवर सापडलेली नाही.